दोन हातांचं काम

अमेरिकन फुटबॉलचा चेंडू टोकापासून टोकापर्यंत साधारण ११ इंच भरतो. डाव सुरू होण्याआधी तो जमिनीवर ठेवलेला असतो. एका टोकाशी आक्रमण करणारा संघ, दुसऱ्या टोकाशी बचाव करणारा, आणि मधला ११ इंचांचा पट्टा कुणाचाच नाही. चेंडू मागे देणारा सेंटर सोडला तर त्या पट्ट्यात कुणाचं बोटही आलेलं चालत नाही. बचावाच्या बाजूला, या पट्ट्याला खेटून, एक हात जमिनीवर टेकवून आणि मान वर करून जे तीन-चार धिप्पाड गडी वाकलेले असतात, ते डिफेन्सिव्ह लाईनमन.

टीव्हीवर चेंडू हलला की कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि ही माणसं चौकटीच्या कडेला राहून जातात. अमेरिकेत राहणारी मराठी घरंसुद्धा फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, संध्याकाळी जमतात, आणि बहुतेकांच्या लक्षात राहतो तो लांब फेकलेला चेंडू आणि तो झेलणारा. माझी विनंती एवढीच, की काही डावांपुरती चेंडूवरची नजर काढावी आणि मधल्या दोन-तीन माणसांवर ठेवावी. आणि कुणाचे जुने सामने पाहायचे असं विचाराल तर ॲरन डोनाल्डचे.

डोनाल्ड २०१४ ते २०२३ असे दहा हंगाम एकाच संघाकडून, रॅम्सकडून खेळला. संघ मधल्या काळात, २०१६ मध्ये, सेंट लुईसहून लॉस एंजेलिसला हलला. हा तिथेच होता. १५४ सामने, १११ सॅक, दहाही वर्षं प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, आणि २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा सर्वोत्तम बचावपटूचा मान. तीनदा हा मान मिळवणारे त्याच्याआधी दोघंच होते, लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट. पण सॅकच्या आकड्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा आणि चेंडू फेकणारा. त्याने चेंडू फेकण्याआधीच त्याला डाव सुरू होण्याच्या रेषेमागे पाडलं की सॅक. हा शब्द रूढ केला रॅम्सच्याच डीकन जोन्सने, साठच्या दशकात. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, मात्र सॅकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९८२ पासून. म्हणजे ज्याने शब्द दिला त्याची एकही सॅक अधिकृत यादीत नाही. या कामाचं आणि आकड्यांचं नातं असं पहिल्यापासूनच सैल आहे.

डोनाल्डबद्दल शंका होती ती उंचीची. तो पिट्सबर्गचा. पेन हिल्स हायस्कूल, मग त्याच शहरातलं पिट्सबर्ग विद्यापीठ. २०१३ च्या हंगामात त्याने ११ सॅक केल्या, आणि रेषेच्या मागेच गाठून पाडलेल्यांचा त्याचा आकडा २८.५ होता. (अर्धा आकडा येतो तो दोघांनी मिळून पाडलं की.) त्या वर्षी महाविद्यालयीन बचावपटूंचे चार मोठे पुरस्कार त्याला मिळाले: नागर्स्की, बेडनारिक, लोम्बार्डी आणि आउटलंड. तरीही २०१४ च्या फेब्रुवारीत इंडियानापोलिसला मोजमापं झाली तेव्हा चर्चा झाली ती ६ फूट पाऊण इंच उंचीची आणि २८५ पौंड, म्हणजे साधारण १२९ किलो वजनाची. त्याच्यासमोर जे गार्ड, म्हणजे सेंटरच्या दोन्ही बाजूंचे अडवणारे, उभे राहणार ते सहज १४० किलोंच्या वर. त्याच चाचणीत तो ४० यार्ड ४.६८ सेकंदांत पळाला आणि २२५ पौंडांची, म्हणजे १०२ किलोंची दांडी त्याने छातीवरून ३५ वेळा उचलली. तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याच्याआधी बारा नावं पुकारली गेली. खुद्द रॅम्सनी आपली पहिली निवड, म्हणजे एकूण दुसरी, दुसऱ्याच खेळाडूवर खर्च केली होती. डोनाल्ड तेराव्या क्रमांकावर त्यांच्या हाती लागला.

उंची कमी असणं हे या जागेवर उणं का मानतात, हे समजून घेण्यासारखं आहे. उंच माणसाचे हात लांब असतात, आणि ज्याचा हात समोरच्याच्या छातीला आधी पोचतो तो पुढचं सगळं ठरवतो. डोनाल्डचा हात ३३ इंचांना थोडा कमीच होता. रेषेच्या कडेला खेळणाऱ्या टॅकलचे हात ३४ इंचांच्या पुढे असतात. पण याच्या उलट दुसरी गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या दिवशी सांगतो: जो खाली तो भारी. दोघं भिडले की ज्याचे खांदे खाली, त्याचा जोर समोरच्याला वर उचलतो. वर उचलला गेलेला माणूस दीडशे किलोंचा असला तरी त्याचे तळवे जमिनीवर नीट रोवलेले राहत नाहीत, आणि मग त्याचं वजन त्याच्या कामाचं उरत नाही. अखाड्यात पट काढायला वाकणाऱ्या पैलवानाला हे सांगावं लागणार नाही. सहा फूट पाच इंचांच्या माणसाला या पातळीवर येण्यासाठी गुडघे आणि कंबर खूप वाकवावी लागते, आणि साठाव्या डावाला ती वाकत नाही. डोनाल्ड मुळातच तिथे होता.

आता उभं राहण्याची रीत. पाय कमरेपेक्षा थोडे रुंद, एक पाय दुसऱ्याच्या किंचित मागे, साधारण मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पावलाच्या मध्यापाशी. वजन चवड्यांवर. पुष्ठभाग खांद्यांपेक्षा जरासा वर. जमिनीवर टेकलेल्या हातावर भार किती द्यायचा, यात नवखे चुकतात. भार जास्त पडला तर पहिलं पाऊल झपाट्याने पडतं खरं, पण समोरचा गार्ड पुढे यायच्या ऐवजी बाजूला निघून गेला की हा तोंडघशी पडतो. भार कमी पडला तर निघताना आधी अंग सरळ होतं, आणि सरळ झालेल्या अंगावर समोरचा दोन्ही पंजे रोवतो.

डोळे चेंडूवर. कान बंद. क्वार्टरबॅक मुद्दाम आवाज चढवून, खोटा ताल धरून हाक देतो, ती ऐकून हा हलला की पाच यार्डांचा दंड. आक्रमणाला चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे असतात; तिसऱ्या प्रयत्नात चार यार्ड हवे असताना हे घडलं तर समोरच्या संघाला पुढचे चार प्रयत्न फुकट मिळतात. म्हणून चेंडू काठीला बांधून प्रशिक्षक तो हिसका देऊन हलवतो, तोंडाने भलत्याच हाका मारत राहतो, आणि खेळाडूने फक्त चेंडू हलल्यावरच निघायचं, असा सराव शेकडो वेळा चालतो. पहिलं पाऊल लांब नको. लांब पाऊल म्हणजे तितका वेळ एक पाय हवेत. ते छोटं असावं आणि पुढे जाणारं असावं. खरी शर्यत असते दुसऱ्या पावलाची. समोरच्याचं दुसरं पाऊल पडायच्या आत आपलं पडलं, तर तो अजून सावरतोय आणि आपण भिडलोय.

चेंडू हलायच्या आधीही पाहण्यासारखं बरंच असतं. समोरच्या गार्डची जमिनीवरची बोटं दाबाने पांढरी पडलेली दिसली तर त्याचा भार पुढे आहे, बहुधा धावण्याचा डाव. बोटं नुसती टेकलेली असतील तर तो मागे सरकायच्या तयारीत आहे, म्हणजे पास. डाव सुरू झाल्याबरोबर त्याचं हेल्मेट वर गेलं की पास, खाली आणि पुढे आलं की धाव. हे सगळं पाव सेकंदात वाचायचं.

डोनाल्डची जागा बहुतेक वेळा गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर. या जागेला ‘थ्री टेक्निक’ म्हणतात. सेंटरच्या नाकासमोर शून्य, त्याच्या खांद्याला एक, गार्डच्या बाहेरच्या खांद्याला तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्याला पाच, अशी मोजणी बाहेरच्या बाजूला वाढत जाते. गार्ड आणि टॅकल यांच्यामधल्या फटीला ‘बी गॅप’. ती फट डोनाल्डची. धाव त्या फटीतून जाऊ द्यायची नाही, आणि पास असेल तर त्याच फटीतून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं. कडेने येणाऱ्या बचावपटूला वळसा घालावा लागतो. आतून येणाऱ्याचा रस्ता सरळ आणि जवळचा. क्वार्टरबॅकला कडेचा माणूस चुकवता येतो, दोन पावलं पुढे सरकलं की झालं. पण मधूनच कुणी आलं तर पुढे सरकायला जागाच राहत नाही. म्हणून आतला दबाव क्वार्टरबॅकना नको असतो. मात्र आतून सॅक मिळवणं अवघड, कारण तिथे गर्दी असते आणि मदतीला सेंटर कायम हाताशी असतो. २०१८ मध्ये डोनाल्डने २०.५ सॅक केल्या. आतल्या जागेवरून खेळणाऱ्यांचा त्याआधीचा विक्रम होता कीथ मिलार्डचा, १९८९ मधला, १८. त्या हंगामात २१ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एकाच सामन्यात त्याच्या चार होत्या.

त्या २०.५ मागे जे आहे ते मुख्यतः हातांचं आहे. मराठीत लढायला ‘दोन हात करणे’ म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडतं. क्वार्टरबॅक साधारण अडीच सेकंदांत चेंडू सोडतो. एवढ्या वेळात समोरच्याला ढकलत ढकलत मागे नेणं क्वचितच जमतं. त्याच्या संपूर्ण अंगाला भिडायचं नाही, अर्ध्या अंगाला भिडायचं. त्याच्या एका खांद्याच्या बाजूने जायचं, म्हणजे त्याचा दुसरा हात निकामी होतो. उरलेला हात छातीवर येईल, तो हाणून पाडायचा.

कसा? समजा गार्डच्या बाहेरच्या बाजूने जायचंय. त्याचे दोन्ही हात छातीकडे निघाले, की बाहेरच्या हाताने त्याच्या मनगटावर आडवा फटका, आतल्या हाताने त्याच क्षणी कोपराजवळ. मनगट आणि कोपर असं दोन ठिकाणी एकदम धरलं की हात बाजूला जातो आणि त्या हातामागून त्याचा खांदाही वळतो. लगेच आतला हात खालून वर, त्याच्या बगलेतून, जणू जमिनीवरून पाण्याची जड बादली उचलतोय असा. बगलेत हात गेला की तो पुन्हा समोर येऊ शकत नाही. आणि मग कंबर क्वार्टरबॅककडे वळवायची. हा शेवटचा भाग लोक विसरतात. हात जिंकले, पण कंबर बाजूच्या रेषेकडेच राहिली, तर माणूस क्वार्टरबॅकच्या मागून भलतीकडे निघून जातो आणि गार्ड मागून एक हलका धक्का देऊन त्याला आणखी लांब घालवतो.

बिघडतं ते वेळेत. फटका लवकर मारला तर चांगला गार्ड हात मागे घेतो; आपला फटका हवेत, छाती उघडी, आणि तो आता निवांत हात रोवतो. फटका उशिरा मारला तर त्याचे पंजे छातीच्या कवचाच्या कडेत अडकलेले असतात. ते छातीच्या आतल्या बाजूला असतील तर पंच सहसा पकडीचा दंड देत नाही, आणि एकदा असा पंजा बसला की डाव संपला. तिसरी चूक सर्वांत जास्त होते: हात चालू असताना पाय थांबतात. माणूस जागेवर उभा राहून हातापायी करत बसतो आणि तोवर चेंडू गेलेला असतो. हात आणि पाऊल एकाच ठेक्यावर पडायला हवेत.

२०१७ मध्ये डोनाल्डच्या सरावाची एक चित्रफीत बरीच फिरली होती. समोरचा माणूस खोट्या सुऱ्या घेऊन त्याच्या अंगावर वार करतोय आणि हा ते मनगटावर अडवून बाजूला सारतोय. अनेकांना तो देखावा वाटला. मला त्यात त्याच्या खेळाचा गाभा दिसतो. सुरीचा वार आणि गार्डचा पंजा दोन्ही छातीकडे सरळ येतात, दोन्हींना अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो, आणि दोन्हींत नजर हातावर ठेवावी लागते, चेहऱ्यावर नाही. ताकद तर त्याच्याकडे लहानपणापासून होती. वडिलांनी घराच्या तळघरात वजनं मांडली होती आणि साधारण बाराव्या वर्षापासून पहाटे साडेचारला शाळेआधी बाप-लेक तिथे उतरत. पण नुसत्या ताकदीचे लोक एनएफएलमध्ये प्रत्येक संघात असतात. ताकदीच्या जोडीला इतके अचूक हात एखाद्याकडेच.

बाकी नियमांनीही हातांचा खेळ बदलत नेला आहे. डीकन जोन्सचं आवडतं हत्यार म्हणजे समोरच्याच्या हेल्मेटवर कानाच्या बाजूला सणसणीत तळहात मारणं. क्षणभर त्याचे डोळे मिटत, तेवढ्यात हा पसार. १९७७ मध्ये त्यावर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. तिथून पुढे डोक्यावरचे हात मनगटावर आले.

हे झालं एकास एक. डोनाल्डला एकास एक फार कमी वेळा मिळालं.

त्याच्यावर दोघं सोडले जात. धावेच्या डावात गार्ड समोरून धरून ठेवतो आणि टॅकल बाजूने कमरेत धडक देतो. दोघं मिळून त्याला मागे नेतात आणि त्यातला एक सुटून मागच्या लाईनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्यावर, जातो. अशा वेळी लाईनमनने करायचं काम अगदी रुक्ष आहे. बाजूने धडक जाणवली की त्या बाजूची कंबर खाली सोडायची, गरज पडली तर गुडघा टेकायचा, आणि ढकलणाऱ्याच्या मांडीशी अंग घासून त्याला अडकवून ठेवायचं. छाती समोर ठेवून उभं राहिलं तर दोघांना ढकलायला रुंद फळी मिळते. खांदा वळवून अंग चिंचोळं केलं तर कधीकधी दोघांच्या मधून घुसताही येतं. नाहीच जमलं तर निदान जागा सोडायची नाही. दोघांना तिथे दीड सेकंद अडकवून ठेवलं तर मागचा लाईनबॅकर मोकळा राहतो, तो धावणाऱ्याला पाडतो, निवेदक त्याचं नाव घेतो आणि नोंदवहीत पाडल्याचं श्रेय त्याला जातं. दोघांना अडवणाऱ्याच्या नावावर काहीच लागत नाही.

पासच्या वेळीही हेच. सेंटर डोनाल्डकडे सरकला की पलीकडच्या गार्डसमोरच्याला आणि कडेच्या माणसाला एकटा प्रतिस्पर्धी मिळतो. सुपर बोल ५६ मध्ये रॅम्सनी क्वार्टरबॅकला सात वेळा पाडलं. त्यातल्या दोन डोनाल्डच्या, दोन व्हॉन मिलरच्या. बाकीच्या कुणाच्या नावावर लागल्या हे पाहताना समोरचा सेंटर त्या क्षणी कुठे तोंड करून उभा होता, हेही पाहावं.

कधी हे मुद्दामच घडवून आणतात. आतला माणूस बी गॅपमधून तिरका घुसून समोरच्या टॅकलला धडकतो, आणि कडेचा माणूस त्याच्या मागून वळसा घेऊन आत शिरतो. यात आतल्याने खोलवर घुसायलाच हवं. अर्धवट घुसला तर टॅकल आणि गार्ड आपसात माणसं बदलून घेतात. आणि बाहेरच्याने घाई केली तर दोघं एकमेकांवरच आदळतात.

आणखी एक सापळा आहे तो खास जोशात असलेल्या लाईनमनसाठी. चेंडू हलतो, हा झेपावतो, आणि समोर कोणीच नसतं. गार्ड दुसरीकडे निघून गेलाय. रस्ता मोकळा, क्वार्टरबॅक समोर. दोन पावलं पुढे गेला की पलीकडच्या बाजूने धावत आलेला दुसरा गार्ड त्याच्या बरगडीत खांदा घालतो, आणि धावणारा चेंडू घेऊन त्यानेच सोडलेल्या फटीतून निघून जातो. म्हणून शिकवण अशी, की कोणी अडवलं नाही तर थांब, आत बघ, कोण येतंय ते. स्क्रीन पासही, म्हणजे झेपावलेल्या बचावपटूंच्या मागे हळूच टाकलेला छोटा पास, याच स्वभावावर चालतो: त्यांना आपण आत यायलाच हवे असतो. डोनाल्डसारखा झपाट्याने घुसणारा माणूस असला की विरोधी संघ हे डाव हमखास टाकतात. कधीकधी ते त्याच्यावरही चालले.

या सगळ्याचा हिशोब शरीर देतं. एका सामन्यात बचावाचे साठ-सत्तर डाव. एक डाव पाच-सात सेकंदांचा, आणि पुढचा सुरू करायला आक्रमक संघाला ४० सेकंदांपर्यंत मुभा. बहुतेक संघ आतल्या माणसांना आळीपाळीने बसवतात. भारी वजनाचे निम्म्याच्या आसपास डाव खेळतात. डोनाल्ड जवळजवळ सगळे खेळायचा. थकवा आधी हातांत दिसतो, कोपरं अंगापासून सुटतात. मग कंबर वर येते. हे दिसलं की हुशार क्वार्टरबॅक मसलत न करताच भराभर डाव सुरू करतो, म्हणजे थकलेल्याला बाहेर जाताच येत नाही.

बोटं जवळजवळ प्रत्येकाची मोडलेली किंवा निखळलेली असतात. दोन-दोन बोटं एकत्र पट्टीने बांधून खेळतात. जर्सी खांद्याच्या कवचाला दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेली असते, समोरच्याच्या मुठीत कापड येऊ नये म्हणून. ही किरकोळ बाब नाही. मुठीत आलेला एक इंच कापड म्हणजे हरलेला डाव. जानेवारी २०२१ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध डोनाल्डच्या बरगडीची कूर्चा फाटली. पुढच्या आठवड्यात ग्रीन बेला तो उतरला खरा, पण अर्ध्याहून कमी ताकदीचा वाटत होता. हात पुढे टाकून रेटताना बरगड्यांचे स्नायू आवळावेच लागतात, तिथे दुखणं लपवता येत नाही. रॅम्स ३२–१८ हरले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये घोट्याच्या वरच्या भागातले, नडगीची दोन हाडं एकत्र धरून ठेवणारे अस्थिबंध दुखावले. गर्दीत पाऊल रोवलेलं असतं, पाय बाहेरच्या बाजूला पिळला जातो, आणि हे होतं. साध्या मुरगळीपेक्षा हे कितीतरी चिवट, कारण पहिल्या पावलाचा सगळा रेटा याच दोन हाडांवरून जातो. उरलेले सहा सामने तो बाहेर बसला. त्या वर्षी त्याच्या पाचच सॅक झाल्या, आणि सलग सात वर्षं मिळालेला पहिल्या ऑल-प्रो संघातला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतला, मान तेवढा त्या वर्षी हुकला. पुढच्या वर्षी तो परत मिळाला.

डोक्याचं दुखणं जास्त गंभीर. लाईनमनच्या डोक्याला बसणारे धक्के नाट्यमय नसतात. ते लहान असतात, आणि जवळपास प्रत्येक डावात बसतात. डोक्याला वारंवार धक्के बसून होणाऱ्या सीटीई या मेंदूच्या विकाराचं निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. २०२२ पासून उन्हाळी सरावात लाईनमननी हेल्मेटवर मऊ टोपडं चढवणं सक्तीचं झालं, आणि हंगामातल्या पूर्ण कवचासह होणाऱ्या सरावांवरही करारानेच मर्यादा आहे. हे आधीच व्हायला हवं होतं असं मला ठाम वाटतं.

म्हणून पैशाच्या भांडणात मी खेळाडूच्या बाजूने असतो. ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. म्हणजे लाईनमनची सगळ्यात चपळ वर्षं सगळ्यात कमी पैशांत जातात. डोनाल्डचा पहिला करार चार वर्षांचे मिळून सुमारे १ कोटी डॉलरचा होता, आणि त्या काळात तो नव्या खेळाडूंतला सर्वोत्तम आणि मग साऱ्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. नव्या करारासाठी २०१७ आणि २०१८ अशी दोन्ही वर्षं तो सराव शिबिराला गेला नाही. पहिल्या वर्षी तर हंगामाचा पहिला सामनाही गेला. ३१ ऑगस्ट २०१८ ला सहा वर्षांसाठी १३.५ कोटी डॉलर ठरले. वाचणाऱ्याने नजर ठेवावी ती मात्र दुसऱ्या आकड्यावर: हमीचे ८.७ कोटी. हमी नसलेले पैसे म्हणजे संघाने उद्या काढून टाकलं तर न मिळणारे पैसे. ‘बचावपटूंतला सर्वांत महागडा’ हा मान एक दिवस टिकला. दुसऱ्याच दिवशी खलील मॅकचा करार त्याहून मोठा झाला.

१५ मार्च २०२४ ला डोनाल्डने निवृत्ती जाहीर केली, बत्तिसाव्या वर्षी, आदल्या हंगामात ८ सॅक करून. त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये रॅम्सनी पहिल्या दोन निवडी बचावाच्या पुढच्या फळीवर खर्च केल्या, जॅरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क.

एक डाव मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण वरचं सगळं वाचल्यावर तो नीट दिसतो. १३ फेब्रुवारी २०२२, सोफाय स्टेडियम, सुपर बोल ५६. रॅम्स २३, सिनसिनाटी बेंगल्स २०. एका मिनिटाहून कमी वेळ उरलाय. बेंगल्स मैदानाच्या मध्याच्या एक यार्ड पुढे. आणखी थोडं सरकले की किकने बरोबरी साधता येईल. तिसरा प्रयत्न, हवा फक्त एक यार्ड. चेंडू बेंगल्सच्या समाजे पेरीनकडे, मधूनच धाव. डोनाल्ड आपल्या अडवणाऱ्यापासून सुटून त्याला धरतो आणि पुढे जाऊ देत नाही.

चौथा प्रयत्न, अजूनही एक यार्ड. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो मागे उभा राहून चेंडू घेतो. डोनाल्डसमोर डावा गार्ड क्विंटन स्पेन, एकटा. लांबवर बेंगल्सचा जमार चेस रॅम्सच्या जेलन रॅम्झीला मागे टाकून मोकळा धावतोय. बरोला आणखी एक सेकंद मिळाला तर सामना तिथेच फिरतो. तो मिळत नाही. चेंडू हलल्याबरोबर डोनाल्ड निघालेला आहे, आणि स्पेनचे पाय सावरायच्या आत तो त्याच्या बाजूने पलीकडे गेलेला आहे. दोन्ही हातांनी तो बरोला धरून गरकन फिरवतो. पडता पडता बरो चेंडू पेरीनच्या दिशेने कसाबसा भिरकावतो. तो जमिनीवर आपटतो. घड्याळात ३९ सेकंद.

अधिकृत नोंदीत हा डाव ‘अपूर्ण पास’ असा आहे. सॅक म्हणून तो मोजलेला नाही.